हरिश्चंद्राच्या आधीचा वाटाणा

१/
नाशिकहून त्र्यंबकेश्वरला रस्त्याने निघालेल्या माणसाला सातपूर लागतेच. आज येथे औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यांची फाटके आहेत, आयटीआयचा सिग्नल आहे, पाळी सुटली की रस्त्यावर उतरणारी कामगारांची गर्दी आहे. पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी पहाटे याच रस्त्याने अंजनेरी, ब्रह्मगिरी, हरिहरकडे दुचाकींची रांग लागते. पाठीवर सॅक आणि गळ्यात कॅमेरा. शंभर वर्षांपूर्वी सातपूर हे शेतांमधले खेडे होते. या वाटेच्या पलीकडच्या टोकाला, त्र्यंबकेश्वरी, ३० एप्रिल १८७० रोजी धुंडिराज गोविंद फाळके जन्मले. पुढे चित्रपटाचा कॅमेरा घेऊन ते नाशकात परतले, आणि त्यांच्या लघुपटांच्या यादीत एक नाव नोंदले गेले : ‘नाशिक-त्र्यंबक येथील देखावे’.

२/
दादासाहेब फाळके म्हटले की ‘राजा हरिश्चंद्र’ आणि ३ मे १९१३ ही तारीख आठवते. शालेय पुस्तकांनी ती पाठ करून घेतली आहे. परंतु हरिश्चंद्राच्या आधी फाळक्यांनी एक पूर्ण, नाव दिलेला, निवडक प्रेक्षकांना दाखवलेला लघुपट केला होता. त्यात राजा नव्हता, ऋषी नव्हता, मुळात माणूसच नव्हता. कुंडीत पेरलेला वाटाणा होता. लघुपटाचे नाव ‘अंकुराची वाढ’. भारतीय कथापटाच्या उभारणीला लागलेले कर्ज मिळाले ते हा वाटाणा पाहून.

३/
वाटाण्यापर्यंत फाळके कसे पोहोचले, हे समजण्यासाठी त्यांची आधीची वीस-बावीस वर्षे पाहावी लागतात. वडील दाजीशास्त्री संस्कृतचे विद्वान; विल्सन महाविद्यालयात त्यांना नोकरी मिळाली आणि कुटुंब मुंबईत आले. १८८५ मध्ये धुंडिराज जे. जे. कलाशाळेत दाखल झाले, १८९० मध्ये बडोद्याच्या कलाभवनात. तेथे चित्रकला, वास्तुरचना आणि छायाचित्रण असे सारे एकत्र हाताखालून गेले. १८९२ च्या अहमदाबादच्या औद्योगिक प्रदर्शनात आदर्श नाट्यगृहाच्या प्रतिकृतीसाठी त्यांना सुवर्णपदक मिळाले. त्यानंतर गोध्र्यात छायाचित्रकाराचा व्यवसाय मांडला. शतकाच्या अखेरीस प्लेग आला आणि पत्नी व मूल दोघेही गेले. गोध्रा सुटले.

४/
१९०३ मध्ये फाळके भारतीय पुरातत्त्व खात्यात छायाचित्रकार आणि आरेखक म्हणून रुजू झाले. काळ लक्षात घेण्याजोगा आहे. लॉर्ड कर्झनने या खात्यात नव्याने जीव ओतला होता, जॉन मार्शल १९०२ मध्ये त्याचे महासंचालक झाले होते, आणि प्राचीन स्मारकांच्या जतनाचा कायदा १९०४ मध्ये झाला. देशभरातील लेणी, मंदिरे, किल्ले यांचे मोजमाप आणि छायाचित्रण पद्धतशीरपणे चालू होते. अशा खात्यातल्या छायाचित्रकाराचे काम स्टुडिओच्या पडद्यापुढे चालत नाही. काचेच्या प्लेटा आणि लाकडी तिकाटणे घेऊन वस्तू जेथे असेल तेथे जावे लागते, आणि तेथील उन्हाशी जुळवून घ्यावे लागते. फाळके तेथे तीनच वर्षे टिकले. १९०६ मध्ये राजीनामा दिला. (त्यांच्या आयुष्यात बहुतेक गोष्टी तीन-चार वर्षेच टिकल्या.) पण उघड्यावर जाऊन जे आहे ते अचूक टिपण्याची ही सवय पुढे उपयोगी पडली असणार.

५/
मग लोणावळ्याला ‘फाळके एनग्रेव्हिंग अँड प्रिंटिंग वर्क्स’, राजा रविवर्म्यांच्या चित्रांच्या शिळाछपाईशी संबंध, दादरचा ‘लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स’, रंगीत छपाईची यंत्रे पाहण्यासाठी १९०९ मध्ये जर्मनीचा प्रवास. शेवटी भागीदारांशी मतभेद झाले आणि छापखाना सुटला. याआधीच कधीतरी जादूचे प्रयोगही शिकून झाले होते; आडनावाची अक्षरे उलटसुलट करून ते ‘प्रोफेसर केल्फा’ म्हणून रंगमंचावर उभे राहत. चाळिशी उलटलेला, हाती अनेक विद्या असलेला आणि नोकरी-धंदा काहीच नसलेला गृहस्थ, असे १९११ च्या आरंभीचे त्यांचे वर्णन करता येईल.

६/
१४ एप्रिल १९११. गिरगावातील ‘अमेरिका इंडिया पिक्चर पॅलेस’ या तंबूतल्या चित्रगृहात फाळके थोरला मुलगा भालचंद्र याला घेऊन गेले. चित्रपट होता ‘अमेझिंग अ‍ॅनिमल्स’. पडद्यावर हलणारे प्राणी पाहून आल्याचे मुलाने घरी सांगितले, तेव्हा कोणाचा विश्वास बसला नाही. म्हणून दुसऱ्या दिवशी सगळे कुटुंब चित्रगृहात गेले. ईस्टरचे दिवस असल्यामुळे तेथे प्राण्यांऐवजी येशू ख्रिस्ताच्या जीवनावरील चित्रपट लागला होता. तो पाहताना फाळक्यांना राम-कृष्ण दिसू लागले, ही कथा सर्वांना ठाऊक आहे आणि ती स्वतः फाळक्यांनीच पुढे लिहून ठेवली आहे.

या कथेतला पहिला दिवस मात्र नेहमी गाळला जातो. प्राण्यांचा चित्रपट पाहून मुलगा थक्क झाला नसता, तर दुसऱ्या दिवशी कुटुंब तेथे गेलेच नसते. भारतीय कथापटाच्या जन्मकथेचा पहिला अंक म्हणजे निसर्गावरील एक माहितीपट आणि त्यावर विश्वास न ठेवणारे एक मराठी घर.

७/
यानंतरच्या सहा महिन्यांचे वर्णन चरित्रकारांनी बारकाईने केले आहे. लहानसा चित्रपट-कॅमेरा आणि रिळे आणून मेणबत्ती आणि भिंग यांच्या साहाय्याने घरच्या भिंतीवर चित्रे पाडणे. रोज चार-पाच तास चित्रपट पाहणे. उरलेला वेळ यंत्राची उकल करण्यात घालवणे. झोप जवळजवळ नाही. याचा परिणाम डोळ्यांवर झाला आणि दृष्टी गेली. डॉ. प्रभाकर नावाच्या नेत्रवैद्यांनी उपचार केले, तीन-चार चष्मे दिले, आणि दृष्टी परत आली. पाहण्याच्या नादाने आंधळा झालेला आणि बरा होताच पुन्हा तेच पाहू लागलेला माणूस घरच्यांना आणि स्नेह्यांना कसा दिसला असेल, याची कल्पना करता येते.

८/
पैसा नव्हता. सुमारे १२,००० रुपयांच्या विमा पॉलिसी गहाण टाकून १०,००० रुपये उभे केले आणि १ फेब्रुवारी १९१२ रोजी फाळके लंडनला निघाले. तेथे ते कोणालाच ओळखत नव्हते. ‘बायोस्कोप’ साप्ताहिकाची पाटी पाहून ते थेट संपादकांच्या दालनात गेले. संपादक केबर्न यांनी त्यांना सेसिल हेपवर्थ यांच्या वॉल्टन येथील स्टुडिओत पाठवले. हेपवर्थनी सगळे विभाग दाखवले. ५० पौंडांचा विल्यमसन कॅमेरा ठरला, कोडॅकची कच्ची फिल्म आणि फिल्मच्या कडांना भोके पाडायचे यंत्र मागवले, आणि १ एप्रिल १९१२ रोजी फाळके मुंबईत परत आले. परदेशातला मुक्काम दोन महिन्यांचाही नव्हता.

९/
कॅमेरा मे महिन्यात हाती पडला. सोबतच्या आकृत्यांवरून त्यांनी तो जोडला, घरच्या मुलांचे आणि आसपासचे थोडे चित्रण केले. यंत्र चालत होते. पण कथापटाला नट, पोशाख, जागा, खाणावळ हे सगळे लागते, आणि त्यासाठी भांडवल हवे. हे काम या माणसाला खरोखर येते, हे भांडवलवाल्यांना पटवायचे कसे? नाटकाचा एखादा प्रवेश चित्रित केला असता तर लोक म्हणाले असते, हे तर रंगभूमीवर रोज पाहतो. फाळक्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि कॅमेरा समोर रोखून ठेवला. या नटाला बिदागी लागत नव्हती.

१०/
बी फुटले, कोंब वर आला, पाने उलगडली, वेल आधार शोधत चढला. या सगळ्याला महिन्याहून अधिक काळ लागला. पडद्यावर ते एका मिनिटाहून थोड्या अधिक वेळात घडले.

या लघुपटाविषयी ‘फाळके रोज एक चित्र घेत’ असे वाक्य अनेक ठिकाणी वाचायला मिळते. ते गणितात बसत नाही. मूकपटाच्या काळी सेकंदाला साधारण १६ चित्रे असा वेग धरला जाई. एका मिनिटाला ९६० चित्रे झाली. रोज एक याप्रमाणे महिनाभर घेतली तर ती तीसच होतात, आणि पडद्यावर ती दोन सेकंदही पुरत नाहीत. एक मिनिटाचा पट हवा असेल तर दिवसाला तीस-बत्तीस चित्रे हवीत. केवळ दिवसाच्या उजेडात काम केले असे मानले, तर पहाटेपासून संध्याकाळपर्यंत दर वीस-पंचवीस मिनिटांनी एक.

हा हिशेब आहे, दस्तऐवज नव्हे. पण त्यावरून कामाचे स्वरूप डोळ्यांपुढे उभे राहते. महिनाभर कॅमेरा तसूभर हलता कामा नये. कुंडी हलता कामा नये. ऊन चढते-उतरते, ढग येतात, तरी प्रत्येक चित्रावरचा उजेड सारखा राहील असे पाहायचे. घरात लहान मुले. आणि गहाण पडलेल्या विम्याच्या पैशातून आलेला एकुलता एक कॅमेरा एका कुंडीपुढे अडकून पडलेला.

११/
यंत्राच्या अंगाने ही युक्ती साधी आहे. त्या काळचा कॅमेरा हाताने फिरवायचा. नेहमीच्या दांड्याच्या एका फेऱ्यात आठ चित्रे पुढे सरकत. अनेक कॅमेऱ्यांत दुसऱ्या जागी दांडा लावून एका फेऱ्याला एकच चित्र घेण्याची सोय असे. मधला वेळ टिपायचाच नाही. सलग चालवताना मधला वेळ गळून पडतो आणि जे इतके सावकाश घडते की डोळ्याला स्थिर वाटते, ते हालचाल म्हणून दिसू लागते.

जगात हे प्रथम फाळक्यांनी केले असे नाही. जर्मनीत लाइपझिगला विल्हेल्म फेफर या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८९८ ते १९०० च्या दरम्यान वनस्पतींच्या हालचालींचे असे चित्रण केले होते. इंग्लंडमध्ये शिक्षण खात्यात कारकुनी केलेल्या पर्सी स्मिथचा फुले उमलतानाचा पट ‘द बर्थ ऑफ अ फ्लॉवर’ १९१० मध्ये आला आणि लोकांनी तो डोक्यावर घेतला. फेफरमागे विद्यापीठ होते, स्मिथमागे चार्ल्स अर्बनची कंपनी होती. फाळक्यांमागे कर्ज होते.

१२/
याच वर्षांत जगात आणखी एक गोष्ट घडत होती. १९१० मध्ये निघालेल्या कॅप्टन स्कॉटच्या दक्षिण ध्रुव मोहिमेबरोबर हर्बर्ट पाँटिंग हा छायाचित्रकार अंटार्क्टिकावर चित्रपटाचा कॅमेरा घेऊन गेला होता. पेंग्विन, सील, बर्फ आणि माणसे यांचे त्याचे चित्रण आजही उपलब्ध आहे. चेरी कीअर्टन आफ्रिकेत वन्य प्राण्यांमागे फिरत होता. विज्ञान, साहस आणि चित्रपट हे तिन्ही एकाच माणसाच्या हाती येण्याचा तो काळ होता. आज डोंगरात कॅमेरा घेऊन जाणारे, पक्षी-कीटक-खडक यांवर चित्रफिती करणारे तरुण याच वंशातले आहेत, आणि त्या वंशाची मराठी शाखा त्र्यंबकच्या वाटेवर सापडते.

१३/
‘अंकुराची वाढ’ निवडक लोकांना दाखवली गेली. पाहणाऱ्यांपैकी यशवंतराव नाडकर्णी आणि नारायणराव देवहरे यांच्यासह काहींनी कर्ज देऊ केले. हरिश्चंद्राचे काम त्यानंतर मार्गी लागले. आपल्याकडे कथापटाच्या नफ्यातून कोणी विज्ञानपट काढल्याची उदाहरणे विरळ आहेत. येथे उलटे घडले. विज्ञानपटाने कथापटाचे भांडवल उभे केले.

१४/
या सगळ्यात सरस्वतीबाई फाळके कोठे होत्या? सर्वत्र होत्या. माहेरच्या गिरिजा करंदीकर, १९०२ मध्ये फाळक्यांशी लग्न. त्या काळी कच्च्या फिल्मच्या कडांना भोके घरी पाडावी लागत, आणि तेही अंधारात, एक चूक झाली की फिल्म वाया. हे काम त्या करत. फिल्म धुण्याची रसायने त्या कालवत. चित्रणाच्या वेळी भर उन्हात पांढरी चादर धरून नटांच्या तोंडावर उजेड पाडत. साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक करत. दागिनेही याच कामी आले. चित्रपटाच्या इतिहासात अशा कामांना आज प्रयोगशाळा-तंत्रज्ञ, प्रकाशयोजना, निर्मिती व्यवस्थापन अशी वेगवेगळी पदे आहेत. सरस्वतीबाईंच्या वाट्याला ‘साथ दिली’ एवढे एक वाक्य आले.

१५/
आता घराबाहेर. हरिश्चंद्राचे बरेच चित्रण दादरला झाले. बाहेरच्या दृश्यांसाठी मंडळी कर्जतच्या अलीकडे वांगणीला गेली. ढाली, तलवारी, भाले आणि मिशा लावलेले पुरुष महादेवाच्या देवळात उतरलेले पाहून गावकऱ्यांची खात्री पटली की दरोडेखोर आले. पोलीस पाटलाने फौजदाराला कळवले आणि सगळी मंडळी ताब्यात घेतली गेली. फाळके तापाने आजारी होते. ते धावत आले. चित्रपट म्हणजे काय हे फौजदाराला समजावून सांगताना अखेर कॅमेरा उघडून दाखवला, आणि फिल्म न घालताच एक प्रसंग चित्रित केल्यासारखे करून दाखवले. तेव्हा सुटका झाली.

प्रसंग विनोदी आहे आणि तसाच सांगितला जातो. पण त्यात एक गंभीर गोष्टही आहे. या माणसाला प्रत्येक ठिकाणी आपले यंत्र उघडून ते कसे चालते हे कोणाला तरी सांगावे लागत होते : घरच्यांना, सावकारांना, फौजदाराला. समजावून सांगितल्याशिवाय काम पुढे सरकत नव्हते.

१६/
वांगणीचाच दुसरा प्रसंग मात्र विनोदी नाही. रोहिदासाची भूमिका करणारा भालचंद्र, तोच प्राणी पाहून थक्क झालेला मुलगा, खेळताना दगडावर पडला. डोक्यातून रक्त आले, तो बेशुद्ध झाला. फाळक्यांनी प्रथमोपचार केले. मुलाला मुंबईला न्यावे असे बाकीच्यांनी सुचवले. नेले असते तर काम लांबले असते. पटात रोहिदासाचे प्रेत चितेवर ठेवण्याचा प्रसंग होता. बेशुद्ध मुलाला तेथे निजवून फाळक्यांनी तो चित्रित केला.

चरित्रांत हा प्रसंग बहुधा ध्येयनिष्ठेचा दाखला म्हणून येतो. आजच्या वाचकाला तसा तो स्वीकारणे कठीण जाईल, आणि जावे. कुंडीतल्या वाटाण्यापुढे महिनाभर न हलता थांबणारी एकाग्रता आणि मुलाला झालेली जखम पाहूनही न थांबणारी एकाग्रता एकाच माणसाची आहे. पहिलीचे कौतुक करताना दुसरी झाकून ठेवली, तर माणूस हाती लागत नाही.

१७/
‘राजा हरिश्चंद्र’ सहा महिने सत्तावीस दिवसांत पूर्ण झाला. लांबी ३,७०० फूट, चार रिळे. २१ एप्रिल १९१३ रोजी ऑलिंपिया थिएटरात निमंत्रितांसाठी खेळ झाला आणि ३ मे रोजी गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये तो सर्वांसाठी लागला. त्याच वर्षी फाळके नाशकात आले. पुढचा इतिहास सर्वश्रुत आहे : ‘मोहिनी भस्मासुर’, ‘सत्यवान सावित्री’, १९१७ चे ‘लंका दहन’, १९१८ मध्ये ‘हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी’, मग ‘श्रीकृष्णजन्म’ आणि कन्या मंदाकिनीचा ‘कालियामर्दन’. भागीदारांशी पुन्हा मतभेद, काशीचा मुक्काम, परतणे, बोलपटाच्या काळात झालेली पीछेहाट. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशकात मृत्यू.

१८/
या मोठ्या पटांच्या फटींमध्ये लघुपट विखुरलेले आहेत, आणि तेथे फाळक्यांचा मूळ स्वभाव अधिक मोकळा दिसतो. ‘आगकाड्यांची मौज’ मध्ये काड्या आपोआप हलतात. ‘लक्ष्मीचा गालिचा’ मध्ये नाणी. ‘केल्फाच्या जादू’ मध्ये तेच जुने प्रोफेसर. आगकाड्या हलवण्याचे तंत्र आणि वाटाणा वाढवण्याचे तंत्र मुळात एकच आहे : एक चित्र, थांबा, पुन्हा एक चित्र. काडीच्या बाबतीत थांबलेल्या वेळात हात येऊन काडी सरकवून जातो आणि पडद्यावर खोटे दिसते. वाटाण्याच्या बाबतीत थांबलेल्या वेळात निसर्ग आपले काम करतो आणि पडद्यावर खरे दिसते. जादूगार आणि विज्ञान-प्रसारक एकाच माणसात नांदत होते. हत्यारही दोघांचे एकच होते.

१९/
दुसरा एक लघुपट, ‘तळेगाव काचकारखाना’. यामागची कथा मोठी रसाळ आहे. अंताजी दामोदर काळे यांनी पैसा फंड काढला : प्रत्येकाने वर्षाला एक पैसा द्यायचा आणि त्यातून देशी उद्योग उभे करायचे. टिळकांचा त्याला पाठिंबा होता. त्या पैशांतून १९०८ मध्ये तळेगाव दाभाड्याला काचेचा कारखाना निघाला. जपान-अमेरिकेत शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय तेथे काचेचे काम शिकवत. लाखो लोकांचा एकेक पैसा जेथे वितळून काच होत होता, तेथे फाळके कॅमेरा घेऊन गेले. पैसा देणाऱ्या सामान्य माणसाने ती भट्टी स्वतः पाहण्याची शक्यता थोडी होती. चित्रपटगृहात ती त्याच्यापुढे आणता येत होती. उद्योगधंद्यांवरचे माहितीपट पुढे सरकारी खात्यांनी ढिगाने काढले. त्यांचा एक पूर्वज तळेगावचा आहे.

२०/
आणि ‘नाशिक-त्र्यंबक येथील देखावे’. गोदावरी ब्रह्मगिरीवर उगम पावते आणि १,४६५ किलोमीटर वाहत बंगालच्या उपसागराला मिळते. तिच्या पहिल्या टप्प्याचा हा परिसर. नाशकातून त्र्यंबकचे अंतर अठ्ठावीस किलोमीटरच्या आसपास. लाकडी पेटीचा कॅमेरा आणि तिकाटणे या वाटेने न्यायचे, तर वाटेत सातपूर, पुढे अंजनेरीचा डोंगर डाव्या हाताला, मग त्र्यंबकचे काळ्या दगडाचे मंदिर आणि मागे ब्रह्मगिरीचा कडा. फाळक्यांचा जन्मच या कड्याखालचा. लंडनला वाट विचारत फिरलेला आणि वांगणीला दरोडेखोरांचा सरदार ठरता ठरता वाचलेला हा माणूस येथे आपल्याच अंगणात कॅमेरा रोवत होता. प्रवासपट हा त्या काळी जगभर लोकप्रिय प्रकार होता. परदेशी कंपन्या हिंदुस्थानातले घाट-देवळे चित्रित करून नेत. येथे नदीकाठच्याच माणसाने नदीकाठ दाखवला.

२१/
१९१७ च्या सुमाराचा ‘चित्रपट कसे तयार करतात’ हा पट तर सरळसरळ समजावून सांगणारा. त्यात फाळके स्वतः दिसतात : नटांना सूचना देताना, फिल्मवर काम करताना. जादूगार आपली जादू कधी फोडत नाही. फाळक्यांनी ती स्वतःहून फोडली. नोव्हेंबर १९१७ पासून ‘नवयुग’ मासिकात त्यांनी भारतीय चित्रपटावर लेखमालाही लिहिली. म्हणजे चित्रपट करणे, चित्रपट कसा होतो हे चित्रपटातून दाखवणे आणि तेच लेखणीने सांगणे, हे तिन्ही थोड्याच काळात.

२२/
या वृत्तीला मराठीत पूर्वपरंपरा होती. बाळशास्त्री जांभेकरांनी १८४० मध्ये विज्ञान, भूगोल, इतिहास सांगणारे मासिक काढले. १८५० मध्ये ‘मराठी ज्ञानप्रसारक’ निघाले. १९२८ मध्ये ‘सृष्टिज्ञान’ सुरू झाले आणि १९६६ मध्ये मराठी विज्ञान परिषद. या साखळीत १९१२ चा वाटाणा कोणी गुंफत नाही, कारण साखळी छापील मजकुराची मानली गेली आहे. एक गमतीचा योगायोग : बाळशास्त्रींच्या त्या मासिकाचे नाव होते ‘दिग्दर्शन’. पुढे हाच शब्द मराठीने चित्रपट करणाऱ्याच्या कामासाठी वापरला.

२३/
मग वाटाणा विसरला का गेला? एक कारण फाळक्यांनीच पुरवले. आपल्या कार्याची कथा त्यांनी ख्रिस्तापासून कृष्णापर्यंतची अशी सांगितली. स्वदेशीच्या त्या काळात तीच मनाला भिडणारी होती, आणि त्यांच्या दृष्टीने ती खरीही होती. दुसरे कारण आपण. पहिला कथापट कोणता, यावर चित्रपटाच्या इतिहासात इतके वाद झाले (दादासाहेब तोरण्यांचा १९१२ चा ‘पुंडलिक’ पहिला की ‘राजा हरिश्चंद्र’, हा त्यांतला एक) की कथापट नसलेले सारे बाजूला पडले. सावेदादा भाटवडेकरांनी डिसेंबर १९०१ मध्ये केंब्रिजहून परतलेल्या रँग्लर परांजप्यांच्या स्वागताचे चित्रण केले होते. एका गणितज्ञाचे स्वागत हा आपल्या आरंभीच्या चित्रणांपैकी एकाचा विषय होता, हेही असेच बाजूला पडले.

तिसरे कारण नायट्रेट. त्या काळची फिल्म पेट घेणारी, आणि न पेटली तरी हळूहळू विरघळून चिकट होऊन भुकटी होणारी. मूकपटांच्या काळातले आपले बहुतांश चित्रपट असेच गेले.

२४/
नाशकात पांडवलेणीच्या पायथ्याशी फाळक्यांचे स्मारक आहे. १९६९ पासून चित्रपटसृष्टीतला सर्वोच्च राष्ट्रीय सन्मान त्यांच्या नावाने दिला जातो. सातपूर १९८२ मध्ये नाशिक महानगरपालिकेत आले आणि त्र्यंबकचा रस्ता आता तेथपर्यंत अखंड वस्तीतून जातो. ‘अंकुराची वाढ’ आज पाहायला मिळत नाही. ‘चित्रपट कसे तयार करतात’ मधला थोडा भाग मात्र उरला आहे. त्यात एक गृहस्थ नटांपुढे हातवारे करीत उभे आहेत, आणि मग फिल्मची पट्टी उजेडासमोर धरून तीतली चित्रे निरखत आहेत.